त्रेचाळीस नंबरची टिटवी

कुठलीही होडी दिसली की मॅन्युएल अंकल आधी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, अंगठा लावायचे. मगच मालकाशी बोलायचे.

कानावर पेन्सिल. चर्चमध्येसुद्धा. प्रवचन चालू असताना ती कधी कधी खाली पडायची, आणि त्यांच्या पत्नी टेरेझा आंटी डोळे न उघडता वाकून ती त्यांच्या हातात द्यायच्या.

टेप खिशात असली तरी पहिलं माप बोटांनी. टेप नंतर, खात्रीला.

पाव सुरीने कापायचे नाहीत. हत्यार लाकडाला, पावाला हात.

मुलांना नावाने हाक नाही. शिडावरच्या नंबराने. "ए एकोनीस, सुकाणू धर नीट!" "सात, तुजी आय आली बग." ती मुलं पुढे मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, कॅनडाला गेली. नाताळात उत्तनला आली की अंकलच्या लेखी ती एकोणीसच आणि सातच.

आणि होड्या पाण्यात उतरल्या की ते मोजायचे. मोठ्याने. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. मध्ये श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. नवीन आलेलं एखादं पोर विचारायचं, "अंकल, त्रेचाळीस?" मागून कोणीतरी सांगायचं, "पळाली!" सगळे हसायचे. अंकलही हसायचे.

शेवटच्या वर्षात त्यांनी हसणं सोडलं. मग मोजणंही सोडलं.

टिटवी म्हणजे साडेअकरा फुटांची, एका शिडाची होडी. दोन मुलं बसतील एवढी. मासे धरायला नाही, शर्यतीला. दाजी नावाचे एक गृहस्थ मुंबईच्या एका गोदीत नकाशे काढायचे. भाईंदरला घर घेतल्यावर ते रविवारी सायकलने उत्तनला यायचे आणि किनाऱ्यावर बसून पोरांचे खेळ बघायचे. पोरं तुटक्या पिंपावर उभी राहून चादरीचं शीड करायची. दाजींनी त्यांच्यासाठी कागदावर एक होडी काढली. चौऱ्याहत्तर साली तो नकाशा घेऊन ते पास्कू मिस्त्रींच्या शेडमध्ये गेले. पास्कू मिस्त्री म्हणजे मॅन्युएल अंकलचे वडील. त्यांनी मच्छीमारीच्या होड्या बांधण्यात जन्म घालवला होता, पण कागद बघून एकही नाही.

दाजींची अट एकच होती. सगळ्या टिटव्या सारख्या हव्यात. केसभरही फरक नको. होड्या सारख्या असल्या की जिंकतं ते पोर जिंकतं. त्याचा बाप जिंकत नाही.

पहिली टिटवी प्लायवूडची झाली. शिडाची काठी बांबूची. शीड मांजरपाटाचं, लग्नाचे गाउन शिवायच्या मशीनवर टेरेझा आंटींच्या आईने शिवलेलं. भिजलं की ते इतकं जड व्हायचं की होडी तापातून उठल्यासारखी चालायची. पुढे सागाची काठी आली. मग टेरिलिनचं शीड आलं. मग ॲल्युमिनियमची काठी, आणि तिच्याबरोबर पहिली भांडणं. लाकडाच्या काठीवाल्यांनी एक अख्खा मोसम ॲल्युमिनियमवाल्यांना शर्यतीत घेतलं नाही. मग आत पाय अडकवायचे पट्टे बसले. पोरं पाठ पाण्यावर टाकून होडीबाहेर लोंबकळायला लागली आणि धक्क्यावर आया किंचाळायला लागल्या. मग फायबर आलं. मग बाहेरदेशीच्या छोट्या होड्या आल्या, चांगली पोरं तिकडे गेली, आणि टिटव्या माडांच्या सावलीत उपड्या पडल्या. त्यांच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. दहाएक वर्षं तशीच गेली. शेवटी अंकलचा मुलगा ॲलन याने असोसिएशन पुन्हा उभी केली. कोंबड्या हाकलल्या, होड्या घासल्या, रविवारचे वर्ग सुरू केले.

एवढं सगळं बदललं. आकार मात्र बदलला नाही. कारण फर्मा होता.

अंकल तरुणपणी जहाजावर सुतार होते. सत्त्याहत्तरला परत आले तेव्हा वडिलांचा हात कापायला लागला होता. धंदा त्यांनी हातात घेतला. दाजी तोवर मुलीकडे नाशिकला गेले होते आणि तिथेच वारले. अंकलनी पहिल्या टिटवीच्या नाळेवर प्लायचा तुकडा धरला, तिचा उतार पेन्सिलीने उतरवला आणि कापला. तो फर्मा. पुढची प्रत्येक होडी त्यावरून झाली. फायबरचा साचासुद्धा त्यावरूनच. दर मोसमाच्या आधी एका रविवारी मापणी असायची. सगळी पोरं, सगळे आईबाप शेडपुढच्या धक्क्यावर जमायचे आणि अंकल एकेका होडीच्या नाळेवर फर्मा ठेवायचे. "बसला तं टिटवी," ते म्हणायचे, "न्हायतं लाकूड." हे वाक्य ॲलनने एका वर्षी टी-शर्टांवर छापलं होतं.

त्रेचाळीस नंबर बांधली नीरजने.

नीरज मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहतो. तेव्हा अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात होता. त्याची मुलगी इशिता तेरा वर्षांची होती आणि दोन मोसम दुसऱ्यांच्या होड्यांवर शिकली होती. नीरजने असोसिएशनकडून दाजींच्या नकाशाची झेरॉक्स घेतली आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या स्कूटरच्या जागेत, होडी बांधायला घेतली. वर्षभर. सोसायटीने भुशाबद्दल नोटीस लावली. वरच्या मजल्यावरचे शहा येता-जाता विचारायचे, "नीरजभाई, बाढ आनेवाली है क्या?"

"हाँ, आपकी सीट रखी है, शहाभाई. विंडो."

दोन हजार अकराच्या मापणीला बापलेक टेंपोतून होडी घेऊन उत्तनला आले. पिवळी होडी. शिडावर टेरेझा आंटींनी शिवलेला नंबर, ४३. इशिता होडीला हात लावून उभी होती, कोणी हलवू नये म्हणून.

अंकलनी फर्मा ठेवला. मागे बसला, मध्ये बसला, टोकाशी फट राहिली. बोटभर. तिच्यातून पलीकडचं पाणी दिसत होतं.

त्यांनी फर्मा उचलून पुन्हा ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय साहेब? हलकी व्हावी म्हनून डोकंच छाटलं हिचं?"

लोक हसले.

"अंकल, नकाशाबरहुकूम आहे," नीरज म्हणाला. "मी आणलाय ना नकाशा. बघा तरी."

"नकाशा कागद हाय. ह्यो फर्मा हाय."

"पण नकाशावरूनच तर..."

"पोरीला चोरी शिकवायची तं दुसरीकडं शिकवा. दर्यावर न्हाय."

आणि त्यांनी खिशातला चाकू काढून शिडावरच्या नंबराची शिवण उसवली. आधी तीन, मग चार. आकडे टेरेझा आंटींच्या हातात दिले. आंटींनी ते घेतले आणि घरात गेल्या.

टेंपो परत भरला तेव्हा मागून कुठलंसं पोर ओरडलं, "मुंडकी! ए मुंडकी!" ते होडीला होतं की मुलीला, कोण जाणे. चिकटलं मुलीला. अंकल हसले होते.

तो आकडा पुन्हा कोणाला दिला नाही. टिटवीत तशी पद्धतच आहे, एकदा दिलेला नंबर फिरून देत नाहीत. त्यामुळे बेचाळीसनंतर चव्वेचाळीस.

टिटवीला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी ॲलनने समारंभ ठरवला. पहिली टिटवी शेडच्या आढ्याला टांगलेली होती. ती खाली काढून, रंगवून, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे न्यायची असं ठरलं. रंगाचं काम अंकलनी कोणाला करू दिलं नाही.

रंगाचे थर जुने होते. निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लाल. अंकल नाळेवर पत्रा घासत होते. घासता घासता पत्रा अडला. लाकडात आडवी रेघ होती. खिळा असेल म्हणून त्यांनी पटाशीने हळूच उचकलं, आणि नाळेच्या डोक्यावरची अख्खी पट्टी सुटून त्यांच्या हातात आली.

बोटभर जाडीची. खालच्या अंगाला पटाशीने कोरलेला क्रूस.

ती काय आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी स्वतः मच्छीमारीच्या कितीतरी होड्यांना तशी पट्टी बसवली होती. दर्यावरून आलेल्या म्हावऱ्याचे वाटे होतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. पास्कू मिस्त्रींच्या घरात अशी समजूत होती की होडी बांधतानाही एक वाटा काढून ठेवायचा, दर्याचा. मापाबाहेरचं बोटभर लाकूड नाळेवर चढवायचं. दर्याला पहिला घास घ्यायचा झाला तर त्याने तो घ्यावा, होडीला हात लावू नये. म्हातारा होडीचं माप सांगायचा तेव्हा ते लाकूड धरायचा नाही. ते त्याचं नव्हतंच.

पोरं बसणार होती त्या होडीत. म्हाताऱ्याने कागदाप्रमाणे होडी बांधली, चोख बांधली, आणि वर दर्याचा वाटा ठेवला. आणि मुलाने जहाजावरून येऊन, न विचारता, त्या वाट्यासकट फर्मा कापला.

अंकल पट्टी हातात घेऊन खाली भुशात बसले. टेरेझा आंटी जेवायला बोलवायला आल्या तेव्हा तसेच होते.

"काय झालं? छातीत दुखतं का?"

"न्हाय."

"मग तोंड असं का?"

त्यांनी पट्टी पुढे केली. आंटींनी ती उलटीसुलटी करून बघितली. त्याही त्याच घरात नांदलेल्या.

"ती पिवळी होडी," अंकल म्हणाले.

आंटींनी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. घरात गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. डब्यात तळाशी, घडी घालून, चार आणि तीन.

"तू ठेवलं हे?"

"मना तवाच वाटलं हुतं, मानूस खोटं बोलत न्हाय."

"मग बोलली का न्हाय?"

"चाकू तुमच्या हातात हुता."

अंकल सिल्व्हर पार्कला गेले. पट्टी रुमालात बांधली होती. बिल्डिंग सापडली तरी आत जायचा धीर होईना. गेटपाशीच उभे राहिले. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है, अंकल?" ते गेटच्या बाजूला बघत होते.

तिथे विटांवर त्रेचाळीस नंबरची टिटवी ठेवलेली होती. काठोकाठ माती भरलेली. मातीत सदाफुली, एक तुळस, आणि कोणीतरी खोचलेलं प्लास्टिकचं फुलपाखरू. पिवळा रंग कुठे कुठे उरला होता. नाळेवर सोसायटीचा बोर्ड ठोकला होता, 'फुले तोडू नयेत'.

अंकलनी नाळेला अंगठा लावला. मग दोन बोटं. मग तळहात.

वॉचमनने इंटरकॉम केला असावा. नीरज खाली आला. केस पांढरे झाले होते. त्याने ओळखलं.

"अंकल? तुम्ही इकडे कसे?"

अंकलनी येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "माती काढली पायजे हिच्यातली," ते म्हणाले. "प्लाय कुजंल."

नीरज हसला. "कुजून काय व्हायचं राहिलंय?"

मग अंकलनी रुमाल सोडला. पट्टी दाखवली. सांगितलं. उभ्या उभ्या, तुळशीकडे बघत.

नीरजने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी नंतर पुष्कळदा मोजली होती. टेप बदलून मोजली. शेवटी वाटलं, मलाच नकाशा वाचता येत नसेल. तुम्ही एवढे जाणते. तुम्ही चोर म्हणालात म्हणजे कुठेतरी असेनच." त्याने पट्टी परत दिली. "जाऊ दे अंकल. चहा घेऊ या. वर चला."

इशिता तेवढ्यात कामावरून आली. ती इंद्रलोकमधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तिने हेल्मेट काढलं, बाबाने दोन वाक्यांत सांगितलं. तिने अंकलकडे पाहिलं.

"मला मुंडकी म्हणायचे," ती म्हणाली. "शाळेतसुद्धा पोचलं होतं ते."

"हाय ठावं."

"पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तुम्ही हसला होतात."

"हसलो हुतो." अंकलनी पट्टी पुन्हा रुमालात बांधली. "होडी नीट करून देतो. नंबर लावून देतो. एक पैसा नको."

"होडी नीट करा न करा. बाबाला चोर कुठे म्हणालात?"

"धक्क्यावर."

"किती लोक होते?"

"सगळे हुते."

"मग तिथेच सांगा. सगळे असतील तेव्हा."

नीरज म्हणाला, "इशू, अगं, म्हातारा माणूस आहे." ती म्हणाली, "तेव्हा तू पण माणूसच होतास, बाबा."

अंकलनी मान हलवली. समारंभाला सगळे असणार होते. तिथे सांगतो म्हणाले. शब्द दिला.

त्याच आठवड्यात होडी शेडमध्ये आली. इशिताने रोपं तेलाच्या डब्यांत लावली. शहा वरून ओरडले, "गेट की शोभा ले जा रहे हो!" माती उपसल्यावर तळाशी पाय अडकवायचे पट्टे निघाले. कधीच न वापरलेले.

ॲलनला सगळं सांगितल्यावर त्याने पट्टी फर्म्याच्या टोकाशी धरून बघितली. वाईट माणूस नाही तो. असोसिएशन त्याने नसती उभी केली तर टिटव्या आजही कोंबड्यांकडेच असत्या.

"डॅडी, मग सगळ्याच होड्या चुकीच्या?"

"सगळ्या. तीच एक बरोबर."

"आनि आजपरेंतच्या ट्रॉफ्या? पोरांनी काय परत आनून द्यायच्या?"

"मना काय म्हाईत. मना येवढंच म्हाईत, त्यो मानूस चोर न्हवता."

कमिटीची सभा झाली. मार्ग निघाला. होड्या बदलायच्या नाहीत, नकाशा बदलायचा. दाजींच्या नकाशावर नाळ बोटभर उंच काढायची आणि खाली लिहायचं, सुधारित. एकमताने मंजूर. ॲलन घरी येऊन म्हणाला, "आता तुमी चुकलाच न्हाय, डॅडी. फर्मा बरोबर, होड्या बरोबर. समारंभात तो विषय नको. पावने येनार हायत."

"आनि ती पिवळी?"

"ती आता नव्या नकाशाला बसत न्हाय." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "ती तं कुंडी हुती, डॅडी."

अंकलना त्यानंतर जेवण गेलं नाही. चुकून चुकलेला माणूस निदान चुकलेला तरी असतो. त्यांच्याकडून तेही काढून घेतलं होतं.

समारंभाला धक्का भरला होता. बोंबील वाळत घालायच्या वलांड्या बाजूला सारून मांडव घातला होता. पहिली टिटवी माणसांच्या खांद्यावरून पाण्यात गेली, नाळेवरची पट्टी पुन्हा चिकटवून, रंगवून. फादरनी पाणी शिंपडलं. बँडवाल्यांनी वाजवलं. मग सत्कार.

माइक अंकलच्या हातात आला त्याआधी शाल आली. मग नारळ. मग टिटवीचं पितळी चिन्ह. मग मुलं नंबराने ओरडायला लागली. "अंकल, मी एकोणीस!" "अंकल, सात!" कॅनडाहून आलेला सात. चाळिशीचा, टक्कल पडलेला, डोळ्यांत पाणी.

मागे बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी नीरज आणि इशिता उभे होते. अंकलना दिसत होते.

"मना..." अंकल म्हणाले.

लोक शांत झाले. ॲलन जमिनीकडे बघत होता.

"मना काय बोलता येत न्हाय," अंकल म्हणाले. "देव तुमचं बरं करो."

टाळ्या झाल्या. पुष्कळ वेळ झाल्या. अंकल खुर्चीत बसले तेव्हा भिंतीशी नीरज एकटाच होता. त्याने लांबूनच हात जोडले, आणि मग तोही गेला.

घरी आल्यावर टेरेझा आंटी म्हणाल्या, "बोलला न्हाय."

"शाल घातली गं अंगावर."

"मग?"

"शाल अंगावर असताना कसं बोलायचं असतं?"

आंटींनी शाल घडी करून कपाटात ठेवली. बाहेर दिसेल अशी ठेवली नाही.

त्यानंतर अंकल धक्क्यावर जायचे टाळायला लागले. गेले तर तोंड पाण्याकडे करून उभे राहायचे. कोणी सत्काराचं काढलं की कानावरची पेन्सिल काढून तिला टोक करत बसायचे. इशिताला त्यांनी एकदा फोन लावला. तिने उचलला. "बोला अंकल," म्हणाली. त्यांनी होडीबद्दल विचारलं, तोच पिवळा हवा की दुसरा. ती म्हणाली, "तुम्हाला बरा वाटेल तो." त्यात राग नव्हता. म्हणून त्यांना ते जास्त लागलं.

होडीच्या कामाला मात्र ते रोज बसायचे. कुजलेली फळी काढली, नवी घातली. जोड भरले. नाळेला हात लावला नाही. नीरजने जिथे संपवली होती तिथेच राहू दिली. बघायला आलेल्याला ते दाखवायचे, "ह्यो कोपरा बग. असा कोपरा मना न्हाय जमला कधी." पण कोणी बांधली, का पडून होती, हे कोणी विचारलं की उठून चहा सांगायला जायचे.

शेवटी मापणीचा रविवार जवळ आला. पुन्हा सगळे जमणार. नवीन मोसम, नवी मुलं, नवा सुधारित नकाशा. आंटींनी आठवडाभर आधी आकडे धुतले, इस्त्री केले आणि नव्या शिडावर टाचण्या लावून ठेवले. चार आणि तीन. शिवायचे अंकलनी सांगितल्यावर.

"ह्या टायमाला बोलाल?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"बोलून न्हाय होत माझ्याच्यानं. हातानं होतं तेवढं करतो."

गुरुवारी सकाळी त्यांनी शेडच्या भिंतीवरून फर्मा काढला. सत्त्याहत्तरपासून तो त्याच खिळ्याला होता. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका डाग राहिला. फर्मा त्यांनी शिकंज्यात आवळला. वडिलांची पट्टी पहिल्या टिटवीवरून पुन्हा सोडवून आणली होती, ती त्यावर धरून पेन्सिलीने रेघ मारली. बोटभर. रविवारी हा फर्मा ठेवला असता तर एकही होडी बसली नसती. बेचाळीस नाही, चव्वेचाळीस नाही, ॲलनची नाही. एक पिवळी बसली असती. मग लोकांनी विचारलंच असतं, आणि विचारल्यावर अंकलना सांगावं लागलं असतं. शालीशिवाय.

त्यांनी करवत लावली.

ॲलन दारातून जाताना थांबला. त्याने रेघ पाहिली. समजायचं ते समजला.

"डॅडी. कमिटीला काय सांगू?"

"सांग, म्हातारा येडा झाला."

ॲलन हसला नाही. "लिंबाचं पानी पाठवू का?" म्हणाला.

"पाठव. मीठ जास्ती टाक."

पाणी घेऊन टेरेझा आंटी स्वतः आल्या. अंकल शेडच्या दारातल्या ओंडक्यावर बसले होते, पाठ चौकटीला टेकवून. पेन्सिल कानावर. आंटींना वाटलं, दमले. पेला बाजूला ठेवून त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली.

मापणी पुढे ढकलली. शुक्रवारी उत्तनच्या चर्चमध्ये टिटवीच्या पोरांना उभं राहायला जागा नव्हती. इशिता आली होती. नीरजही. पेटी उचलताना एक खांदा कमी पडला, तिथे नीरज गेला.

पिवळी होडी शेडमध्ये आहे. रंग पूर्ण झालाय. नंबर टाचण्यांवरच आहे, कारण शिवा म्हणून कोणी सांगितलेलं नाही.

ॲलनने शेड झाडून घेतलं. हत्यारं पुसून पेटीत ठेवली, एक सोडून. फर्मा अजून शिकंज्यात आहे. करवत त्यात तशीच आहे. रेघ अर्धी कापलीय. अर्ध्याच्या थोडी पुढे.